प्रोसेसरचे सुरक्षा अपडेट लिनक्सवर उशिरा का येतात?

तुम्ही विचारलंय की आर्वीजवळच्या गावात रायझन ३००० (एएमडी कंपनीचा प्रोसेसर) चा डेस्कटॉप आहे, लिनक्स रोज अपडेट करता, तरी प्रोसेसरची दुरुस्ती महिनोन्‌महिने का येत नाही.

दोष तुमच्या नेटचा नाही. इंटेलचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला छोटा प्रोग्राम, दुरुस्ती त्यातूनच होते) बहुतेक वेळा लिनक्स वितरणाच्या, म्हणजे उबुंटूसारख्या आवृत्तीच्या, पॅकेजमधूनच मिळतो. एएमडी मात्र डेस्कटॉपची दुरुस्ती मुख्यतः बायोसमधून (संगणक सुरू करणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्राम) देते; ती आधी मदरबोर्ड कंपनीकडे जाते, तिथून आपल्याकडे. जुलै २०२३ मध्ये झेनब्लीड ही एएमडी प्रोसेसरमधली सुरक्षा-त्रुटी उघड झाली, तेव्हा एएमडीच्याच एपिक (EPYC) सर्व्हर प्रोसेसरचा मायक्रोकोड लगेच आला आणि रायझन ३००० डेस्कटॉपला डिसेंबरचा वायदा मिळाला. घरच्या वापरणाऱ्याला असं मागे ठेवणं मला पटत नाही.

बायोसची दुरुस्ती येईतोवर कर्नल (लिनक्सचा गाभा) अद्ययावत ठेवा. झेनब्लीडसाठी कर्नलनेच तात्पुरता बंदोबस्त केला होता. वेग थोडा कमी होतो, पण चालतं. टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ (lscpu) ही आज्ञा चालवा. शेवटच्या ओळींत वेगवेगळे ज्ञात धोके दिसतात (झेनब्लीडची वेगळी ओळ त्यात नसते); एखाद्यापुढे ‘व्हल्नरेबल’ (Vulnerable) दिसलं तर तो धोका अजून उघडा आहे, ‘मिटिगेशन’ (Mitigation) दिसलं तर बंदोबस्त झालाय.

बायोस अपडेट करायचंच असेल तर यूपीएस किंवा इन्व्हर्टरवरच करा. मधेच लाइन गेली तर मदरबोर्ड बाद होऊ शकतो, म्हणून भारनियमनाची वेळ आधी पाहून घ्या.