चंद्रापर्यंत नोटांची चळत

प्रश्न : माझा पुतण्या आणि त्याचे मित्र बिटकॉइन या आभासी चलनाचा भाव रुपयांत सांगतच नाहीत. एका नाण्यात किती तोळे सोने किंवा किती किलो बेळगावी कुंदा येईल, असा त्यांचा हिशेब असतो आणि भाव ‘चंद्रावर जाणार’ असे ते छातीठोकपणे सांगतात. अशा मापांना काही अर्थ आहे का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : अर्थ आहे, पण प्रत्येक मापाचा वेगळा. वस्तूंत भाव मोजण्याची हौस जुनीच आहे; 22 मे 2010 रोजी फ्लोरिडातील एका प्रोग्रॅमरने दोन पिझ्झांसाठी 10,000 बिटकॉइन मोजले, तेव्हापासून त्या नाण्यांत आज किती पिझ्झे येतील याचा हिशेब चाहते दर वर्षी मांडतात. आम्हाला तोळ्याचे माप अधिक पसंत आहे, कारण रुपया घसरला की दोन्हींचे भाव चढतात आणि भागाकारात तो परिणाम निघून जातो. कुंद्याने मात्र गोडी वाढते, भाकीत होत नाही.

चंद्राचा हिशेब खरोखरच करून पाहावा. अंतर सरासरी 3,84,400 किलोमीटर आहे. नोटेची जाडी ढोबळमानाने 0.1 मिलिमीटर धरली, तर चंद्रापर्यंत पोहोचणाऱ्या नोटांच्या चळतीला सुमारे 3.84 लाख कोटी नोटा लागतील. बिटकॉइन कधीही 2.1 कोटींहून अधिक होणार नाहीत, असा त्याच्या प्रणालीतच नियम आहे. त्या सर्व नाण्यांच्या किमतीइतक्या 500 रुपयांच्या नोटा चंद्राला टेकण्यासाठी एका नाण्याचा भाव सुमारे 9 कोटी रुपये व्हावा लागेल; नोटा 10 रुपयांच्या घेतल्या, तर सुमारे 18 लाख पुरतात, आणि डिसेंबर 2024 मध्ये एक लाख डॉलर ओलांडणाऱ्या बिटकॉइनने ती उंची केव्हाच मागे टाकली आहे. चंद्र तोच, नोट बदलली की भाव पन्नास पटींनी बदलतो. म्हणून अशा मापातून नाण्यापेक्षा मोजणाऱ्याची उमेदच अधिक कळते.

या खेळातला नाण्यांच्या संख्येने गुणण्याचा भाग मात्र पुतण्याने जरूर उचलावा. डॉजकॉइन या दुसऱ्या आभासी चलनाच्या नाण्यांना कमाल मर्यादा नाही. आजच 14,000 कोटींहून अधिक नाणी आहेत आणि दर वर्षी सुमारे 500 कोटींची भर पडते. त्याचे एक नाणे लाख रुपयांना जाईल असे कोणी म्हणाले, तर एकूण किंमत 14,000 लाख कोटी रुपयांवर, म्हणजे साऱ्या जगाच्या वार्षिक उत्पन्नापलीकडे जाते. असा गुणाकार केल्याशिवाय कोणत्याही नाण्यात पैसे घालू नयेत, असे आपण त्याला आमच्या वतीने आग्रहाने सांगावे.