‘गारो’ चांगला खेळता येत असूनही ‘सिटी ऑफ द वुल्व्ज’मध्ये मी का हरतो?

प्रश्न: पूर्वी ‘गारो: मार्क ऑफ द वुल्व्ज’ हा फायटिंग गेम भरपूर खेळलो आहे. आता ‘फेटल फ्युरी: सिटी ऑफ द वुल्व्ज’ घेतला. मूव्ह हाताला लगेच आठवल्या, छोटे कॉम्बोही लागतात. पण ऑनलाइन खेळताना फेरीच्या मध्यावर माझं पात्र तापून बसतं, गार्ड फुटतो आणि खेळ आटोपतो. काय चुकतंय? सराव नेमका कशाचा करू?

उत्तर:

‘तापून बसतं’ या दोन शब्दांत बहुतेक सगळं आलं. तुमची बोटं ठीक आहेत, हिशेब चुकतोय.

गारोतला पॉवर गेज बचत खात्यासारखा होता. लढत राहिलं की शिल्लक वाढायची, मग ती सुपर मूव्हवर खर्च करायची. तो गेज इथंही आहे: एक खण भरला की इग्निशन गिअर, दोन भरले की रेडलाइन गिअर (गिअर म्हणजे इथल्या सुपर मूव्ह). रेव्ह मीटर मात्र उधारीची वही आहे. फेरी सुरू होते तेव्हा पान कोरं असतं, त्यामुळे पहिल्या क्षणापासून हवा तेवढा माल उचलता येतो. रेव्ह आर्ट्स (स्पेशल मूव्हची जास्त जोरदार आवृत्ती) मारली, आकडा चढला. रेव्ह अ‍ॅक्सेलनं एक मूव्ह अर्ध्यावर कापून दुसरी जोडली, आणखी चढला. रेव्ह गार्डनं समोरच्याला मागे ढकललं, तेही मांडलं गेलं. आकडा १०० ला पोचला की ओव्हरहीट. मग मीटर थंड होईपर्यंत रेव्हच्या सगळ्या मूव्ह बंद, आणि त्या काळात नुसतं ब्लॉक करत बसलात तर गार्ड, म्हणजे फटके अडवायची ताकद, झिजत झिजत शेवटी फुटतो.

जुने खेळाडू इथं कसे अडकतात ते बघा. हातात कॉम्बो असतो म्हणून आक्रमणात मीटर ७०–८० पर्यंत नेतात. तो लागला, शत्रू आडवा पडला, सगळं छान. मग तो उठतो, उलटा चढून येतो आणि तुम्ही कोपऱ्यात सापडता. कोपऱ्यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे रेव्ह गार्ड. दोनतीनदा वापरलात की मीटर भरला. म्हणजे ब्लॉक करण्यावाचून दुसरा उपाय नसतो नेमक्या त्याच घडीला ब्लॉक करणं सगळ्यात महाग होऊन बसतं. गार्ड तिथं फुटतो, पण चूक दहा सेकंद आधी, तुमच्याच आक्रमणात झालेली असते.

म्हणून पहिले काही दिवस एकच शिस्त पाळा: समोरच्यानं ब्लॉक केलेला दिसत असताना रेव्ह आर्ट्स मारायची नाही. आधी साधा फटका लागू द्या, लागल्याचं डोळ्यांनी पक्कं करा, मग रेव्ह खर्चा. आक्रमणात मीटर अर्ध्याच्या वर गेला की उरलेला अर्धा बचावासाठी राखून ठेवा आणि कॉम्बोचा शेवट साध्या स्पेशलनं किंवा पॉवर गेजवरच्या गिअरनं करा. नुकसान थोडं कमी होईल, होऊ द्या. ओव्हरहीट झालंच तर पाय रोवून ब्लॉक करू नका. मागे सरकून अंतर वाढवा, पॉवर गेज शिल्लक असेल तर तो वापरा. गिअर त्या गेजवर चालतात, रेव्हवर नाही.

आता तुमच्याकडे आधीपासून असलेलं भांडवल. हा गेम गारोचाच पुढचा भाग आहे, नुसता नावापुरता नाही. गारो १९९९ च्या नोव्हेंबरात निओ जिओवर आला. तो बनवणारी कंपनी एसएनके २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तयार होत असलेला दुसरा भाग तसाच राहिला. नवा भाग जाहीर झाला २०२२ च्या ‘एव्हो’ या फायटिंग गेमच्या स्पर्धेत, हातात पडला २४ एप्रिल २०२५ रोजी. एवढ्या वर्षांनीही जस्ट डिफेन्स (ऐन क्षणी अडवणं), फेंट (खोटा फटका) आणि ब्रेकिंग (स्पेशल मूव्ह मध्येच थांबवणं) या तिन्ही गोष्टी जागच्या जागी आहेत. आयुष्याच्या निवडलेल्या भागात जास्त ताकद देणाऱ्या टॉप पद्धतीचं नाव बदलून एसपीजी झालंय, एवढंच.

जस्ट डिफेन्सकडे सगळ्यात आधी वळा, कारण उधारीच्या या बाजारात तेवढं एक रोखीचं काम आहे. फटका अंगाला लागायच्या ऐन क्षणी मागची दिशा दाबली की तो अडतोच, शिवाय थोडं आयुष्य परत मिळतं. सराव असा करा. ट्रेनिंगमध्ये डमीकडून दोन गोष्टी रेकॉर्ड करून घ्या: उडी मारून जोरदार पंच, आणि जमिनीवर उतरताच खालची हलकी किक. ते सतत वाजू द्या. स्टिक मोकळी सोडून उभे राहा. पंच येताना मागे, लगेच मोकळी, मग किकसाठी तिरकं खाली-मागे. यात ‘लगेच मोकळी’ हाच कळीचा भाग. जमत नाही म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांची तक्रार टायमिंगची असते, पण खरा दोष हा असतो की त्यांचा अंगठा आधीपासूनच मागे दाबलेला असतो. धरून ठेवलेल्या दिशेला जस्ट डिफेन्स मिळत नाही, साधा ब्लॉक मिळतो. थोडं लवकर दाबलंत तरी साधा ब्लॉक मिळेल, उशीर झाला तर मार बसेल. तेव्हा चुकायचंच असेल तर लवकरच्या बाजूनं चुका. रोज पंधरा मिनिटं पुरेत. पहिल्यांदा फक्त उडीवरचा फटका पकडा, कारण तो लांबून दिसतो.

फेंटचं काम तुम्हाला माहीत असेलच: फटक्यानंतर हात मागे घ्यायला जो वेळ जातो तो कापून टाकायचा, म्हणजे दुसरा फटका त्याला जोडता येतो. टेरीचा जवळचा जोरदार पंच, फेंट, पुन्हा पंच ही जुनी जोडणी बोटांत असेल तर तिच्यापासून सुरुवात करा. फेंटऐवजी नुसता हलका पंच बाहेर पडत असेल तर फेंटची दोन्ही बटणं एकाच वेळी दाबली जात नाहीयेत. ती जोडी एका शोल्डर बटणावर नेमून टाका, भांडण मिटलं. फेंट येतोय पण पुढचा फटका ब्लॉक होतोय, तर तुम्ही फेंट उशिरा टाकताय. फटका लागल्याचा आवाज ऐकून दाबू नका, फटका लागतानाच दाबा.

ब्रेकिंग आत्ता बाजूला ठेवलंत तरी चालेल.

एसपीजीबद्दल थोडं सविस्तर, कारण तो निर्णय सामना सुरू व्हायच्या आधीच घ्यावा लागतो. आयुष्याच्या पट्टीचा पहिला, मधला किंवा शेवटचा तिसरा भाग निवडायचा. आयुष्य त्या भागात असेल तोवर फटके जास्त जोरात बसतात, आर्मर असलेला (समोरचा फटका सोसूनही न थांबणारा) रेव्ह ब्लो मिळतो आणि पॉवर गेजचे दोन खण भरलेले असतील तर हिडन गिअर ही सगळ्यात मोठी सुपर मूव्हही. शेवटचा भाग निवडायचा मोह सगळ्यांना होतो, हरता हरता बाजी उलटवायला. पण आयुष्य तेवढं उतरतं तेव्हा एका चांगल्या कॉम्बोत सगळंच जाऊ शकतं आणि एसपीजी वापरायला मिळतच नाही. पहिला भाग निवडला तर रेव्ह ब्लो लगेच हाती येतो, पण पहिल्या फेरीच्या सुरुवातीला पॉवर गेज रिकामा असल्यामुळे हिडन गिअर कामाचा नाही. मी नव्यानं परतणाऱ्याला मधला भाग सुचवतो. तिथं पोचेपर्यंत गेजमध्ये काहीतरी जमलेलं असतं, आणि समोरचा अंगावर येत असतो तेव्हा रेव्ह ब्लो त्याला बरोबर अडवतो.

पात्रांत फार शोधाशोध नको. सुरुवातीच्या १७ पैकी ११ गारोतलेच आहेत. गारोतले ग्रँट, फ्रीमन आणि किम जे हून मात्र या १७ मध्ये नव्हते. वॉक्स रीपर हा ग्रँटचा शिष्य, प्रीचा ही जो हिगाशीची. फुटबॉलपटू रोनाल्डो आणि डीजे साल्वातोरे गानाची यांची निवड मला आजही पटत नाही, पण ते समोर आले तर खेळावं लागतंच. तुम्ही टेरी किंवा रॉक घ्या. कंट्रोल आर्केड स्टाइलच ठेवा. स्मार्ट स्टाइल सोपी आहे, पण तुमच्या बोटांना जे येतं ते तिथं वाया जाईल.

शेवटी जोडणी. गेम सेकंदाला ६० फ्रेम चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. रोलबॅक पद्धतीत समोरच्याचं बटण पोचायची वाट न बघता तुमचा गेम अंदाजानं पुढे जातो, आणि अंदाज चुकला तर मागे जाऊन चित्र दुरुस्त करतो. पिंग १०० असेल तर समोरच्याचं बटण सुमारे ३ फ्रेम उशिरा पोचतं. तो उशीर एकसारखा असला तर सवय होते. वाय-फायवर तो सतत बदलतो, आणि मग सगळ्यात आधी बळी जातो तो जस्ट डिफेन्सचा. तेव्हा राउटरपासून केबल ओढा, टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड सुरू करा, आणि ट्रेनिंगमधला सराव त्याच स्क्रीनवर करा ज्यावर ऑनलाइन खेळता. स्क्रीन बदलली की बसलेलं टायमिंगही सरकतं.