“ताई, ते त्यांचं कॉलेज ना?”

“ताई, पण ते त्यांचं कॉलेज ना?” असं म्हटल्यावर त्या स्वतःच गडबडल्या. त्या ‘त्यांचं’मध्ये त्यांचा नवरा येत होता आणि लेकही.

बाई मूळच्या सांगलीच्या, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला येऊन वीस वर्षं झालेली. नवरा कृष्णवर्णीय अमेरिकन. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगी बारावीत, मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचं पक्कं. हातात प्रवेशाची दोन पत्रं होती. एक राज्यातल्याच एका नावाजलेल्या विद्यापीठाचं, दुसरं ग्रीन्सबरोच्या नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी (ॲग्रिकल्चरल अँड टेक्निकल) विद्यापीठाचं. मुलीचा जीव दुसऱ्यावर जडला होता. कोणतं घ्यावं हे विचारायला माझ्याकडे एकट्या आईच आल्या.

हा प्रश्न मला नवा नाही. मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेतही कुणीतरी हळूच विचारतं. एचबीसीयू म्हणजे ‘हिस्टॉरिकली ब्लॅक’, मुळात कृष्णवर्णीयांसाठी काढलेली कॉलेजं. ए अँड टी त्यांतलंच. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘दुसरीकडे नंबर लागला नाही म्हणून’ असा घेतात, आणि मला त्याचा राग येतो. १८९० च्या कायद्याने राज्यांना सांगितलं होतं की सरकारी पैशावरच्या शेतकी-तांत्रिक कॉलेजात सगळ्यांना घ्या, नाहीतर कृष्णवर्णीयांसाठी वेगळं काढा. दक्षिणेतल्या राज्यांनी वेगळं काढणं पसंत केलं. त्यातून १८९१ मध्ये ए अँड टी उभं राहिलं. आज अशा शंभरेक संस्थांमध्ये ते सर्वांत मोठं आहे.

“मिसळायला शिकवलं हो आम्ही तिला. आता एकाच रंगात जाऊन बसायचं?” बाई म्हणाल्या.

मी सांगितलं, या कॉलेजांत प्रवेश कुठल्याही वर्णाच्या मुलांना मिळतो. वेस्ट व्हर्जिनियातल्या ब्लूफिल्ड स्टेटमध्ये तर आता गोऱ्या विद्यार्थ्यांचीच संख्या जास्त आहे, तरी ते एचबीसीयूच.

“आणि पुढे? मोठ्या ठिकाणी घेतात का यांना?”

रोनाल्ड मॅकनेअर ए अँड टीमधून १९७१ ला भौतिकशास्त्र घेऊन बाहेर पडला, एमआयटीत लेझरवर पीएच.डी. करून अंतराळवीर झाला आणि १९८६ च्या चॅलेंजर अपघातात गेला. अर्थात एका मॅकनेअरवर कुणी लेकीचं कॉलेज ठरवू नये. म्हणून हेही सांगितलं की देशात कृष्णवर्णीय इंजिनिअर पदवीधर सर्वांत जास्त तयार करणाऱ्या कॉलेजांत ए अँड टीचं नाव वर असतं. कंपन्यांना ते माहीत असतं.

मग उत्साहाच्या भरात मी माझी आवडती गोष्ट काढली. मी वर्ध्याची. शाळेच्या निम्म्या सहली सेवाग्रामला गेल्या. पण हॉवर्ड या वॉशिंग्टनमधल्या एचबीसीयूतले कृष्णवर्णीय प्राध्यापक बेंजामिन मेज १९३६ च्या अखेरीस गांधीजींना भेटायला आमच्या वर्ध्यात आले होते, हे मला कुणी सांगितलं नाही. पुढे हेच मेज अटलांटाच्या मोअरहाउस कॉलेजचे, म्हणजे आणखी एका एचबीसीयूचे, अध्यक्ष झाले आणि मार्टिन ल्यूथर किंग तिथेच त्यांचे विद्यार्थी होते. बाईंनी ऐकून घेतलं, “हो का” म्हणाल्या आणि पर्समधून पत्रं काढली.

पत्रं बघताना मात्र मी पेन्सिल घेऊनच बसते. दोन्ही पत्रांत ‘मदत’ म्हणून एक ठसठशीत बेरीज होती आणि दोन्हींत त्या बेरजेत कर्ज मिसळलेलं होतं. ‘पॅरेंट प्लस’ हे कर्ज आईबापांच्या नावावर निघतं, व्याज सुरू होतं, तरी पत्रात ते शिष्यवृत्तीच्या खालच्याच ओळीत सुखाने नांदत असतं. मी ती ओळ दोन्हीकडे खोडली. उरलेल्या आकड्यांत ए अँड टी थोडं स्वस्त पडत होतं. अनेक एचबीसीयूंकडे गंगाजळी तुटपुंजी असते, त्यामुळे हे दर वेळी असंच निघत नाही. एका मुलाला मी याच हिशेबावरून ‘नको’ म्हटलं आहे.

एवढं सगळं झालं तरी बाई उठेनात.

“पहिलीत होती ना, तेव्हा खोबरेल लावून मी तिच्या दोन वेण्या घालायला बसले. कंगव्याचे दात तुटले. पोर रडायला लागली. तेव्हापासून दर दोन आठवड्यांनी केसांसाठी सासूबाईंकडे. चार-चार तास लागतात. मी सोडून येते, नंतर घ्यायला जाते.” थोडं थांबून म्हणाल्या, “त्या चार तासांत त्या दोघी काय बोलतात, मला कधी कळलंच नाही. आता चार वर्षं तेच.”

दीड तास आम्ही कंपन्या नि कर्जाबद्दल बोललो होतो आणि मुद्दा वेण्यांचा होता. याला माझ्याकडे आकडा नव्हता. मी एवढंच म्हटलं, “या वेळी सोडून येऊ नका. तिथेच बसा.”

बसल्या. दुसऱ्या दिवशी फोन आला. “निम्मा वेळ टीव्हीवरच्या मालिकेवर चर्चा, ताई! उरलेला वेळ शेजारणीवर.” मग हसू आवरून, “सासूबाईंनी मला भाग कसे पाडायचे ते दाखवलं. मला काही जमलं नाही.”

कॉलेज बघायला तिघी गेल्या. १ फेब्रुवारी १९६० ला गोऱ्यांसाठी राखलेल्या लंच काउंटरवर जाऊन बसलेल्या इथल्याच चार विद्यार्थ्यांचे पुतळे आवारात आहेत. त्यांची गोष्ट मुलीने आईला सांगितली, आजीने मध्ये दोनदा दुरुस्त केली. मेमध्ये ए अँड टी पक्कं झालं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मंडळाची दिवाळी आणि कॉलेजचं होमकमिंग, म्हणजे आजी-माजी विद्यार्थ्यांचा वार्षिक मेळावा, एकाच शनिवारी आलं. मुलीने होमकमिंग निवडलं. बाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी फराळाचे डबे घेऊन ग्रीन्सबरोला निघाल्या. परतताना गाडीतून मला फोन केला.

“चकल्या मुलींनी माझ्यासमोरच संपवल्या. करंज्या अर्ध्या परत आणल्यात, उद्या तुमच्याकडे देते. आणि ताई, मी अजून रागावलेलीच आहे हं.”