भवरा उर्दू आहे का? नाही हो!

लातूरच्या भावानं विचारलंय की गावाकडं आम्ही भवरा म्हणतो, पण रूममेट म्हणतो शुद्ध शब्द भोवरा आणि भवरा हे निजामाच्या काळातलं उर्दू-हिंदी, तर खरं काय. भाऊ, 1948 पर्यंत निजामाचं राज्य होतं म्हणून आपला निम्मा शब्दकोश उर्दूच्या नावावर लावायची लोकांला सवयच झालीय, मनावर घेऊ नको.

दोन्ही शब्द एकाच घरचे. संस्कृतात भ्रम् धातू, म्हणजे फिरणं, भटकणं, त्याच्यावरून गोल गोल फिरणारा तो भ्रमर. प्राकृतात त्याचा भमर झाला आणि पुढं मधल्या म चा नाकातून बोलायचा व झाला, ग्रामचं गाव आणि नामचं नाव झालं तसंच. हिंदीतबी गाँव आणि भँवर असंच झालं, म्हणजे कुणी कुणाकडून उसनं घेतलेलं नाही. मोल्सवर्थच्या 1857 च्या कोशात भोंवरा असा अनुस्वार देऊन लिहिलाय, ते टिंब म्हणजे त्या जुन्या म ची खूण, 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांत असले न बोलले जाणारे अनुस्वार काढले तवा तेबी गेलं.

आता जाळी (म्हणजे दोरी) गुंडाळून फेकायचा तेवढाच भवरा नाही ना, गंगेला (आपली गोदावरी हो) पूर आला की पाण्यात पडतो तोबी भवराच. आणि नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेत बघा, गिऱ्हाईक बैलाचे दात बघून झाले की कपाळावरून, पाठीवरून हात फिरवत केसांचा भवरा कुठं पडलाय ते हुडकतंय, जागा वाईट निघाली की जात देवणी असो का लाल कंधारी, भाव पाडूनच मागणार. भोवळ, भोवंड, भोवती, सभोवार सगळं हेच खानदान, डोक्यातला भ्रमसुद्धा.

रूममेटला खूश करायचं असंल तर चक्कर सांग, तो खरंच हिंदी-उर्दूकडून आलाय, चक्रचं तिकडं चक्कर झालं, आपल्याकडं चाक.

एक गंमत राहिली. परिभ्रमणातबी हाच भ्रम् आहे, पण भूगोलाच्या पुस्तकात पृथ्वी सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण आणि स्वतःभोवती फिरते ते परिवलन, हे वळण्यातलं. म्हणजे पुस्तकाच्या हिशोबानं एका जागी गरगरणारा भवरा परिवलन करायलाय, परिभ्रमण नाही 😄