चतुर्थीला बाबांना घरी न्यावं का?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यातले. वडील ६२ वर्षांचे. गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता कोल्हापुरात खोली घेऊन रेडिएशन चालू आहे. ३० शेक सांगितलेत, १७ झाले. पुढच्या आठवड्यात चतुर्थी. गणपती पाच दिवसांचा, माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरचं फळा-पानांचं छत, दरवर्षी बाबाच बांधतात. ते हट्टाला पेटलेत की मला घरी न्या, उरलेले शेक नंतर घेऊ. भावकीचंही तेच म्हणणं. तोंड आलंय, जेवण निम्म्यावर आलंय, तेव्हा जरा विश्रांती मिळेल असं आम्हालाही वाटतं. शिवाय शेजारी सांगतात, शेक घेतलेल्या माणसाजवळ लहान पोरांना बसवू नये. खरं का?

उत्तर : नेऊ नका. मी वेंगुर्ल्याची. चतुर्थीला घरी जाऊ नका हे कोकणी माणसाला कसं लागतं, ते मला कुणी सांगायला नको. पण निवृत्त होईपर्यंत माझं काम रेडिएशनचा हिशेब मांडण्याचं होतं, आणि त्या हिशेबात ही सुट्टी बसत नाही.

डोस रोज थोडा थोडा देतात तो चांगल्या पेशींना मधल्या वेळात सावरता यावं म्हणून. पण साधारण चौथ्या आठवड्यापासून तग धरून राहिलेल्या कॅन्सरच्या पेशी आधीपेक्षा जोरात वाढू लागतात. तुमचे बाबा नेमके तिथे आलेत. किरणांचा डोस ग्रे या एककात मोजतात. ऑपरेशननंतर ३० शेकांत ६० ग्रे, म्हणजे रोज २ ग्रे, हे नेहमीचं माप. तोंडाच्या कॅन्सरमध्ये या टप्प्यावर लांबलेला प्रत्येक दिवस त्यातले सुमारे ०.६ ग्रे खातो. उपचार पाच दिवस लांबले तर ३ ग्रे गेले, म्हणजे दीड शेक. उरलेले १३ नंतर घेतलेत तरी ते भरून येत नाहीत.

उलट बाजूने पाहा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने विकसनशील देशांतल्या ९०० हून अधिक रुग्णांवर घेतलेली चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. एकूण डोस तोच, फक्त आठवड्याला पाचऐवजी सहा शेक. पाच वर्षांनी आजार ताब्यात असलेल्यांचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४२ वर गेलं. ते रुग्ण ऑपरेशन न झालेले होते आणि आठवड्याला एक शेक जास्त पडल्याने तोंडही जास्त सोलवटलं. तरी यंत्र तेच, औषध नवं नाही, फरक फक्त दिवसांचा!

आता तुम्ही करायचं काम. चतुर्थीच्या दिवशी केंद्र बंद असेल. तो शेक कसा भरून काढणार, हे डॉक्टरांना आजच विचारा. शनिवारी बोलावता येतं, किंवा एका दिवसात दोन देता येतात, मध्ये निदान सहा तास सोडून. विचारणाऱ्याची सोय लवकर लागते, हा माझा अनुभव. शनिवार-रविवारी बाबांना आणून सोमवारी परत नेऊ, असं कुणी सुचवेल. भाद्रपदात फोंडा घाटात दरड आली की तुमचा सोमवार गेला. माटवी यंदा पुतण्याला बांधू द्या, बाबांनी फोनवरून चुका काढाव्यात.

विश्रांतीपेक्षा मला काळजी आहे ती जेवणाची. बाबांच्या तोंडावर जाळीचा मास्क बसवतात ना, तो त्यांच्या चेहऱ्यावरच साचा घेऊन केलेला असतो. डोकं हलू नये आणि किरण मिलिमीटरच्या हिशेबाने ठरल्या जागीच पडावेत, म्हणून. माणूस वाळला की मास्क सैल होतो. मग मज्जारज्जू, लाळग्रंथी वाचवायला आखलेली सगळी योजना सरकते. मास्क ढिला वाटला तर टेबलावर झोपतानाच सांगायचं, भीड धरायची नाही. गरज पडली तर पुन्हा स्कॅन काढून नवी योजना करतात. वजन दर आठवड्याला लिहून ठेवा. नुसत्या पेजेच्या निवळीवर हे दिवस निघणार नाहीत. पेजेत तूप घाला, अंडं, दूध, बिनतिखटाचा मोरी मासा मऊ शिजवून द्या. सोलकढी आणि आंबट-तिखट तूर्त बंद. गिळवेना झालं तर नाकातून नळी घालतात, ती काही आठवड्यांपुरती असते. तंबाखूची पुडी कुणी गुपचूप आणून देत असेल तर त्याला खोलीवर येऊच देऊ नका.

राहिला शेजाऱ्यांचा मुद्दा. हे किरण बाहेरच्या यंत्रातून येतात. यंत्र बंद झालं की अंगात काही उरत नाही. नातवंडं बाबांच्या मांडीवर बसली तरी चालतील, तेव्हा सुट्टीत त्यांनाच कोल्हापुरात घेऊन जा. फक्त सर्दी-खोकला झालेलं पोर तेवढं दूर ठेवा.