थायलंडमध्ये बँकॉक, पट्टाया आणि फुकेत पाहून झाल्यावर कमी गर्दीचा कोणता भाग पाहावा?

बँकॉक, पट्टाया आणि फुकेत पाहून झाले आहे, हातात आठ-नऊ दिवस आहेत आणि देवळे व खेडी पाहण्याची आवड आहे, असे आपण लिहिले आहे. अशा प्रश्नाला सहसा चिआंग माईचे नाव सुचवले जाते. ते शहर सुंदर आहे, पण कमी गर्दीचे म्हणण्याची वेळ केव्हाच निघून गेली आहे. माझे उत्तर ईसान हे आहे.

ईसान म्हणजे आपले ‘ईशान’. देशाच्या ईशान्येकडील वीस प्रांतांच्या या पठाराला थाई लोकांनी दिशेचेच नाव दिले आहे. देशाची सुमारे एक तृतीयांश वस्ती येथे राहते, तरीही परदेशी प्रवासी फारसे फिरकत नाहीत, कारण येथे समुद्र नाही, जमीन कोरडी आहे आणि बँकॉकमध्ये टॅक्सी चालवणारे किंवा बांधकामावर राबणारे लोक जेथून येतात तो गरीब मुलूख अशीच त्याची ओळख आहे. घराघरांत बोलली जाणारी भाषाही प्रमाण थाईपेक्षा लाओ भाषेला जवळची आहे. मराठी माणसाला मात्र येथील नकाशा वाचतानाच मौज वाटते: नखोन राचसिमा म्हणजे नगर राजसीमा, बुरीरम म्हणजे रम्य पुरी, उबोन राचथानी म्हणजे उत्पलाची, अर्थात कमळाची, राजधानी.

माझ्या मते या प्रदेशात जाण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे ख्मेर काळातील मंदिरे. कंबोडियातील अंगकोरच्या राजांची सत्ता या पठारावर होती आणि अंगकोरहून थेट फिमाईपर्यंत राजमार्ग जात असे. शिलालेखात विमायपूर असा उल्लेख असलेले हे फिमाई नखोन राचसिमापासून, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘कोराट’पासून, सुमारे साठ किलोमीटरवर आहे. मंदिर महायान बौद्ध असूनही त्याच्या दगडांवर रामायणातील प्रसंग कोरलेले आहेत, आणि ख्मेर मंदिरांच्या रीतीप्रमाणे ते पूर्वेला तोंड करून नाही, तर अंगकोरच्या दिशेने, आग्नेयेकडे वळलेले आहे.

बुरीरम प्रांतातील फनोम रुंग पाहण्यासाठी मात्र पूर्ण दिवस राखून ठेवावा. विझलेल्या ज्वालामुखीच्या टेकडीवर, दहाव्या ते तेराव्या शतकांच्या दरम्यान टप्प्याटप्प्याने उभे राहिलेले हे शिवमंदिर आहे. दगडी फरसबंदीच्या लांब वाटेने आणि नागांच्या कठड्यांच्या पुलांवरून चढत गेल्यावर पूर्वेच्या दारावर नाचणारा दशभुज शिव दिसतो आणि त्याच्या खालच्या शिलापट्टावर शेषशायी विष्णू, नाभीतून उगवलेल्या कमळावर ब्रह्मा आणि पायांशी लक्ष्मी. मार्गदर्शक न घेता, कोणाला काही न विचारता आपल्याला हा पट्ट वाचता येतो, आणि त्या क्षणी मला जे वाटले ते थायलंडच्या कोणत्याही समुद्रकिनाऱ्यावर वाटले नव्हते. हाच पट्ट 1960च्या दशकात येथून नाहीसा झाला, पुढे शिकागोच्या कलासंग्रहालयात आढळला आणि थायलंडमध्ये लोकांनी आवाज उठवल्यावर 1988 मध्ये परत येऊन मूळ जागी बसला. मंदिराचे पंधरा दरवाजे एका रेषेत असल्यामुळे एप्रिलच्या आणि सप्टेंबरच्या सुरुवातीस उगवत्या सूर्याचे किरण त्या सर्वांतून आरपार जातात. टेकडीच्या पायथ्याचे मुआंग ताम हे मंदिर त्याच फेरीत होते. त्याच्या चारही कोपऱ्यांतील पुष्करिणी चुकवू नयेत.

येथे माझी एक चूक सांगतो. पहिल्या वेळी मी वेगळे वाहन न करता बसवर विसंबलो. बसने मला हमरस्त्यावरील फाट्यावर उतरवले. मंदिर तेथून दहा-बारा किलोमीटर आत होते, जाताना एका दुचाकीवाल्याने पोहोचवले, पण परतीला काहीही मिळेना आणि अखेर एका कुटुंबाने मला आपल्या गाडीत घेतले. म्हणून आपण नांग रोंग या लहान गावात दोन रात्री मुक्काम करावा आणि दिवसभरासाठी चालकासह गाडी ठरवावी.

मार्गाबद्दल माझा आग्रह एवढाच की आठ दिवसांत सगळे ईसान पाहण्याचा हट्ट धरू नये. बँकॉकच्या क्रुंग थेप अफिवात स्थानकातून रेल्वेने कोराट, तेथून फिमाई व नांग रोंग, पुन्हा कोराटला येऊन उत्तरेकडील रेल्वेने उदोन थानी आणि शेवटी मेकाँगकाठचे नोंग खाय, एवढे पुरे होते. उबोनचा फाटा वेगळा आहे, तो या खेपेस सोडून द्यावा. उदोनजवळच्या बान चिआंगला अर्धा दिवस लागतो. 1966 मध्ये एक अमेरिकन विद्यार्थी तेथे झाडाच्या मुळाला अडखळून पडला आणि त्याला जमिनीत मडक्यांच्या कडा दिसल्या; पुढे उत्खनन होऊन हे प्रागैतिहासिक स्थळ 1992 मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. नोंग खायला नदीच्या पलीकडे लाओस दिसतो. तेथील साला केओ कू या बागेत बुद्ध, शिव आणि नागांच्या प्रचंड काँक्रीट मूर्ती आहेत. कलेच्या दृष्टीने त्यांना काय म्हणावे हे मी अजून ठरवू शकलेलो नाही, पण पाहाव्यात.

जेवणाचे आपण विचारले नाही, परंतु शाकाहारी असल्यास हा कळीचा प्रश्न ठरतो. बांबूच्या टोपलीतून येणारा चिकट भात हाताने लहान गोळे करून खातात, हे आपल्याला सहज जमते; पण सोबतच्या कच्च्या पपईच्या सोम तामात आंबवलेल्या माशांचे प्ला रा हमखास असते, आणि नुसत्या भाजीतही माशांचे पाणी, म्हणजे फिश सॉस, पडते. ‘मांगसाविरात’ हा शब्द लक्षात ठेवावा, कारण तो आपलाच मांसविरती आहे. ‘जे’ असे म्हटल्यास कांदा-लसूणही वर्ज्य होतो. इंग्रजीवर येथे फार भिस्त ठेवू नये, म्हणून हे शब्द थाई लिपीत फोनमध्ये साठवून ठेवावेत.

नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत जावे. सुरुवातीच्या दिवसांत शेतांत भाताची कापणी चाललेली असते आणि पहाटे हलका स्वेटर लागतो. फनोम रुंगचा तो एप्रिलमधील सूर्योदय गाठायचाच असेल, तर त्या महिन्यात पारा चाळिसाच्या आसपास असतो हे गृहीत धरून देवळे सकाळी नऊच्या आत पाहून घ्यावीत.