बाबा आयसीयूत आहेत, सोडियम १६२ आलंय. डॉक्टर ते लगेच खाली का आणत नाहीत?

सामान्य पातळी १३५ ते १४५ असते, त्यामुळे १६२ गंभीरच आहे. पण बहुतेक वेळा याचा अर्थ मीठ जास्त झालं असा नसतो, तर शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं. व्हेंटिलेटरवरचा किंवा शुद्धीत नसलेला पेशंट पाणी मागू शकत नाही. ताप, जुलाब, वाढलेली साखर, लघवी वाढवणारी औषधं यांतून पाणी मात्र जातच राहतं.

सोडियम दोन दिवसांहून जास्त काळ चढलेलं असेल, तर मेंदूच्या पेशी त्या खारट रक्ताशी जुळवून घेतात. मग एकदम पाणी भरलं की ते पेशींत शिरतं, मेंदूला सूज येते, झटके येऊ शकतात. म्हणून २४ तासांत साधारण १० ते १२ अंकच उतरवायची पद्धत आहे. फार रेंगाळणंही बरं नाही; सोडियम चढलेलं राहणं हाही धोकाच.

बाबा वयस्कर आणि ६० किलोचे धरले, तर पाण्याची तूट पावणेपाच लिटरच्या आसपास निघते. ती नाकातल्या नळीतून साधं पाणी आणि शिरेतून ५ टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं पाणी) देऊन भरतात. बीपी पडलं असेल तर आधी नॉर्मल सलाईन. सोडियम दर चार-सहा तासांनी तपासतात.

डॉक्टरांना एक जरूर विचारा: लघवी किती होतेय? खूप आणि पाण्यासारखी होत असेल, विशेषतः मेंदूच्या ऑपरेशननंतर, तर डायबेटिस इन्सिपिडस असू शकतो; हा साखरेचा मधुमेह नाही, यात शरीराला लघवीतून जाणारं पाणी रोखता येत नाही. त्यात नुसतं पाणी सहसा पुरत नाही, डेस्मोप्रेसिन हे लघवी कमी करणारं औषध द्यावं लागतं.